लढाऊ वैमानिकाचे चरित्र कसे लिहावे : इंद्रलाल रॉय यांचे उदाहरण

पदकापासून सुरुवात करण्याचा मोह टाळून प्रथम तारखांचा सांगाडा उभा करावा. पहिल्या महायुद्धातील भारतीय लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात झाला, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स स्कूलमध्ये झाले आणि १९१७ मध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश लष्कराच्या हवाई दलात अधिकारी झाले. हे दल १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाले, म्हणून प्रत्येक घटनेला त्या दिवशीचेच नाव द्यावे.

विजयांच्या आकड्यापाशी मात्र घाई करू नये. जुलै १९१८ मध्ये ४० व्या स्क्वाड्रनमधून एस.ई.५ए विमान चालवताना रॉय यांच्या नावे दोन आठवड्यांत १० विजय नोंदले गेले. परंतु तत्कालीन ब्रिटिश पद्धतीत शत्रूचे विमान नियंत्रण सुटून खाली जाताना दिसले तरी विजय धरला जाई, आणि सहकाऱ्यासह मिळवलेला विजयही वैमानिकाच्या खात्यात मोजला जाई. त्यामुळे ‘१० विमाने पाडली’ असे सरसकट लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

डिसेंबर १९१७ मधील अपघातानंतर ते शवागारात शुद्धीवर आले, ही कथा (ती फारच रंगवून सांगितली जाते) आख्यायिका म्हणूनच नोंदवावी. मृत्यू आणि सन्मान यांच्या तारखांची गल्लत करू नये : रॉय २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधील हवाई चकमकीत मारले गेले, तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक सप्टेंबरमध्ये, मरणोत्तर, जाहीर झाले.