दुकानाचा फोन दुकानापुरता कसा ठेवावा: सोलापुरातील छोट्या व्यावसायिकांसाठी

चाटी गल्लीत कापडाचे दुकान असो, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत चादर-टॉवेलचे चार माग असोत, की घरीच कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून पार्सलने पाठवणारा गृहउद्योग असो, सोलापुरातील बहुतेक छोट्या धंद्यांचा फोन आणि मालकाचा फोन एकच असतो. दुकानाचे शटर रात्री नऊला खाली येते, पण फोन चालूच राहतो. ट्रान्सपोर्टवाला रात्री बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, फोटो पाठवतो, बाहेरगावचे गिऱ्हाईक पहाटेच भाव विचारते, आणि सिद्धेश्वर तलावाभोवती फिरायला निघालेला माणूस निम्मी फेरी फोन कानाला लावून पूर्ण करतो. चालणे होते, पण विसावा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायामाचा सल्ला देते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले की तेवढा व्यायाम होतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या गावात हा अर्धा तास सकाळीच काढावा लागतो आणि फोनची नीट व्यवस्था लावली तर तो एकही ऑर्डर न गमावता काढता येतो. ही व्यवस्था कशी लावायची, ते पुढे क्रमाने दिले आहे.

जुना क्रमांक दुकानाला द्यावा, नवा घरासाठी घ्यावा

वेगळा क्रमांक घ्यायचे ठरले की बहुतेक जण दुकानासाठी नवे सिमकार्ड घेतात आणि इथेच गाडी अडते. जुना क्रमांक दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि कापडी पिशव्यांवर छापलेला असतो. हुबळी, कलबुर्गी, लातूरच्या व्यापाऱ्यांच्या फोनमध्ये तोच साठवलेला असतो. नवा क्रमांक कितीही वाटला, तरी गिऱ्हाईक जुन्यावरच फोन करत राहते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जुना क्रमांक दुकानाकडे राहू द्यावा आणि घरच्यांसाठी, नातेवाइकांसाठी व बँकेसाठी नवा घ्यावा. नवा क्रमांक पन्नास-साठ जणांना कळवला की काम भागते.

मात्र त्याआधी एक काम उरकावेच लागते आणि त्यात घाई चालत नाही. जुना क्रमांक बहुधा बचत खात्याला, आधारला, गॅस कनेक्शनला आणि विमा पॉलिसीला जोडलेला असतो. तो फोन उद्या काउंटरवरच्या मुलाच्या हाती जाणार असेल, तर बँकेचे ओटीपीही त्याच फोनवर येतील. त्यामुळे आधी बँकेच्या शाखेत अर्ज देऊन खात्याचा मोबाईल क्रमांक बदलून घ्यावा, मग आधार केंद्रावर जाऊन तिथला बदलावा आणि नव्या क्रमांकावर ओटीपी येऊ लागल्याची खात्री पटल्यावरच जुना फोन काउंटरवर ठेवावा. यूपीआयचे ॲपही बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम ज्या फोनमध्ये आहे, त्यातच सुरू होते. म्हणून ते मालकाच्या खिशातल्या फोनमध्येच ठेवावे. काउंटरवर पैसे आल्याचे कळण्यासाठी रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स पुरेसा आहे.

सिमकार्ड मालकाच्या किंवा फर्मच्याच नावावर असावे. कामगाराच्या नावावरचे सिम दुकानासाठी वापरले, आणि तो काम सोडून गेला, तर वर्षानुवर्षांचा क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. आपल्या नावावर किती जोडण्या चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. तिथे एखादा अनोळखी क्रमांक दिसला, तर तो आपला नसल्याचेही तिथेच कळवता येते. शिवाय रिचार्जची तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करते आणि कालांतराने दुसऱ्याला देते.

व्हॉट्सॲप बिझनेस कसे लावावे

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप 2018 मध्ये आले आणि छोट्या दुकानदारासाठी ते मोफत आहे. एका क्रमांकावर साधे व्हॉट्सॲप किंवा बिझनेस यांपैकी एकच चालते. साध्यावरून बिझनेसवर जाताना जुने संदेश सोबत नेता येतात, तरीही त्यापूर्वी बॅकअप घेतलेला बरा. दुकानात फक्त लँडलाइन असेल, तर तीही चालते; पडताळणीचा सहा आकडी कोड त्या लँडलाइनवर फोन करून सांगितला जातो.

ॲप सुरू झाल्यावर प्रथम पत्ता आणि कामाच्या वेळा भराव्यात. पत्त्यात केवळ पेठेचे नाव न देता जवळची खूण द्यावी, कारण बाहेरगावचा माणूस एसटी स्टँडवरून रिक्षावाल्याला तीच खूण सांगणार असतो. वेळा खऱ्या लिहाव्यात. दुकान दुपारी जेवणासाठी दोन तास बंद राहत असेल, तर तेही लिहावे. गूगलवरील दुकानाच्या नोंदीतही याच वेळा भराव्यात आणि मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत किंवा दिवाळीत वेळ बदलली की तिथे सणाच्या वेळा वेगळ्या नोंदवाव्यात.

यानंतर दोन स्वयंचलित संदेश लिहायचे आहेत आणि या ठिकाणी थोडा वेळ द्यावा. पहिला स्वागताचा असतो. गिऱ्हाईक पहिल्यांदा संदेश पाठवते तेव्हा, किंवा मध्ये चौदा दिवस काहीच बोलणे झालेले नसेल तेव्हा तो जातो. दुसरा दुकान बंद असतानाचा असतो. हा संदेश जाण्याची वेळ ठरवताना ‘कामाच्या वेळेव्यतिरिक्त’ हा पर्याय निवडावा, म्हणजे तो दिवसा जाणार नाही. अनेक ठिकाणी हा संदेश ‘आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क करू’ एवढाच असतो आणि त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

‘नमस्कार. दुकान आता बंद आहे. सकाळी 10 वाजता उघडेल आणि 11 वाजेपर्यंत आपल्याला उत्तर मिळेल. चादरीची ऑर्डर असल्यास माप, नग आणि गाव लिहून ठेवावे. आज पाठवलेल्या मालाची बिल्टी हवी असल्यास फक्त “बिल्टी” असे लिहावे.’

या संदेशाने गिऱ्हाइकाला उत्तर कधी मिळणार ते कळते, तसेच सकाळी फोन हाती घेताना ऑर्डर अर्धी लिहून तयार असते. सोलापूरच्या बाजारात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि हिंदी बोलणारे गिऱ्हाईक रोजचे आहे. त्यामुळे खाली एक ओळ हिंदीत आणि विजयपूर-कलबुर्गीकडे माल जात असेल तर एक कन्नडमध्ये जोडावी. ती ओळ त्या भाषेत लिहिता-वाचता येणाऱ्या शेजाऱ्याकडून तपासून घ्यावी.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न, म्हणजे भाव, नगांची किमान संख्या, ट्रान्सपोर्टचा खर्च आणि बँक खात्याचा तपशील, यांची उत्तरे ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवून ठेवावीत, पुढे तिरकी रेघ टाइप केली की ती समोर येतात. मालाचे फोटो कॅटलॉगमध्ये घालताना चादर उजेडात, दोन्ही बाजू दिसतील अशी अंथरून फोटो काढावा आणि माप व वजन त्याखाली लिहावे. जाहिरातीचे संदेश मात्र सरसकट सगळ्यांना पाठवू नयेत. लोक क्रमांक ब्लॉक करतात आणि तक्रारी वाढल्या तर खातेच बंद होऊ शकते.

घंटा कोणासाठी वाजावी

आता सकाळचा प्रश्न. दुकानाचा फोन घरी न आणता गल्ल्याजवळच चार्जिंगला लावून ठेवावा, हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि ज्यांना जमेल त्यांनी तोच करावा. धंद्याच्या स्वरूपामुळे ते शक्य नसेल, तर फोनमधील ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही सोय रात्री साडेनऊ ते सकाळी साडेनऊ अशी लावावी. त्यात ठरावीक माणसांचे फोन येऊ देता येतात. त्या यादीत ट्रान्सपोर्टवाला, कारखान्याचा मुकादम आणि फार तर दोन मोठे व्यापारी एवढेच ठेवावेत. यादी वाढली की सोय निरुपयोगी होते. अँड्रॉइड फोनमध्ये पुन्हा फोन करणाऱ्यांना सूट देण्याचा पर्यायही असतो आणि तो सुरू केल्यास त्याच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर घंटा वाजते. खरोखर अडलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

दिवसा फोन कोणी उचलायचा, हेही ठरवून टाकावे. ज्याने फोन उचलला त्याने दुकानाचे नाव घेऊन बोलावे, आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात: नाव, गाव, काय हवे आहे, उत्तर कधी द्यायचे. वही गल्ल्यावरच असावी. तोंडी निरोपांनी सोलापूरच्या पेठांत जेवढी भांडणे झाली असतील, तेवढी भावावरूनही झाली नसतील. दुकानातल्या दुसऱ्या माणसाला संदेश पाहायचे असतील, तर मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणे त्याच व्हॉट्सॲपला जोडता येतात. माणूस काम सोडून गेला, की त्याचे उपकरण त्याच दिवशी यादीतून काढावे.

फसवणुकीपासून जपावे

दुकानाचा क्रमांक जगजाहीर असतो, म्हणून ठगांचे फोनही त्यावर जास्त येतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये सहा आकड्यांचा स्वतःचा पिन लावून दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. ‘तुमचे पार्सल अडकले आहे, हा कोड दाबा’ असे सांगून आपले फोन स्वतःकडे वळवून घेण्याची युक्ती ठग वापरत असत. त्यामुळे एप्रिल 2024 मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशावरून कोड दाबून फोन वळवण्याची सोय थांबवण्यात आली. तरीही कोणी सांगितलेला कोणताही कोड दाबू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. फसवणूक झाली, तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले गेले, तरच परत मिळण्याची आशा असते.

एक अख्खा दिवस सोडून पाहावे

व्यवस्था बसली आहे की नाही, हे सकाळच्या फेरीत कळू लागते. विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलावाचा काठ किंवा भुईकोट किल्ल्याची बाग, जे घराजवळ असेल तिथे आठवडाभर दुकानाच्या फोनाशिवाय फिरून पाहावे. मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नान्नजला जावे. बार्शी रस्त्यावर शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर असलेले हे माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले. माळढोक आता फार दुर्मीळ आहे, पण काळविटांचे कळप आणि हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून उडणारे भोवत्या ससाणे पाहण्यासाठीही तिथे जाण्यात अर्थ आहे. प्रवेश आणि वेळ यांबद्दल वन विभागाकडे आधी विचारून घ्यावे. पाणी आणि टोपी सोबत असावी, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि घरचा फोनही थरथरण्यावर ठेवावा, कारण उघड्या माळावर घंटेचा आवाज दूरवर जातो आणि पक्षी उठतात.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बंदचा संदेश त्या दिवसापुरता बदलून ठेवावा. परतल्यावर त्याच रात्री फोन हाती घेऊन सगळ्यांना उत्तरे देत बसू नये. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याच्या अर्धा तास आधी यावे आणि चुकलेले फोन आलेल्या क्रमाने न घेता निकडीप्रमाणे घ्यावेत. आधी रस्त्यात असलेल्या मालाचे, मग पैसे देणाऱ्या-घेणाऱ्यांचे, त्यानंतर नव्या चौकशीचे आणि सरतेशेवटी भाव विचारणाऱ्यांचे. प्रत्येकापुढे वहीत खूण करावी. एखाद्याने बंदच्या दिवशी तीन-चार वेळा फोन केलेला दिसला, तर तो ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या सूट यादीत असायला हवा होता का, हे तेव्हाच ठरवावे.