उन्हाळी भाजीपाल्याची पोषणमूल्ये: उष्णतेचा परिणाम आणि शेतावर घ्यावयाची काळजी

मार्चअखेरपासून पारा 38 अंशांपलीकडे जाऊ लागला की फुलगळ आणि घटणारे उत्पादन यांची चिंता प्रत्येक बागायतदाराला असते; परंतु काट्यावर भरलेल्या मालातही खाणाऱ्याला मिळणारे पोषण उष्णतेने कमी झालेले असू शकते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

टोमॅटोमध्ये हा परिणाम डोळ्यांना दिसतो. फळाला लाल रंग देणारे लायकोपिन साधारण 20 ते 25 अंश तापमानात चांगले तयार होते आणि तापमान 30 ते 32 अंशांवर टिकून राहिल्यास ते तयार होणे मंदावते. पिवळसर-केशरी बीटा कॅरोटीन मात्र तयार होत राहते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतील फळ पिकूनही पिवळट राहते. दुपारी दोनच्या सुमारास सरीच्या पश्चिमेकडील, पानांची सावली नसलेले फळ हातात धरून पाहावे. ते चटका बसण्याइतके तापलेले असते, कारण थेट उन्हातील फळाचे तापमान हवेपेक्षा 8 ते 10 अंशांनीही जास्त असू शकते. असे फळ कापल्यास देठाजवळ पांढरट, कडक गर आढळतो. त्यामुळे उन्हाळी टोमॅटोची पाने खुडण्याची घाई करू नये, तारकाठीला बांधणी करताना फळे पानांच्या आड राहतील असे पाहावे आणि शक्य असल्यास 35 टक्के सावलीचे शेडनेट पिकाच्या वर, हवा खेळती राहील इतक्या उंचीवर बांधावे. पश्चिमेच्या बांधाला आधीच मक्याच्या दोन-तीन ओळी घेतल्या असतील, तर उष्ण वाऱ्यापासूनही आडोसा मिळतो.

पाण्याच्या पाळ्यांत मोठे अंतर पडू देऊ नये. ठिबक पहाटे किंवा सायंकाळी चालवून वाफसा (मुळांशी ओल व हवा दोन्ही राहतील अशी जमिनीची स्थिती) टिकवावा आणि उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे. एकदा ताण आणि एकदा भरपूर पाणी अशा चढउतारांत कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही व तेथे काळा, खोलगट डाग पडतो. काकडी आणि दुधी यांच्या बाबतीत उष्णता व पाण्याचा ताण एकत्र आल्यास कुकुरबिटासिन हा कडू घटक वाढू शकतो. कडू दुधी विषारी ठरतो आणि त्याच्या रसाने मृत्यूही ओढवले आहेत; म्हणून वेलीवरील एखादे फळ कापून त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावावा आणि कडवटपणा जाणवताच तो थुंकून त्या वेलीचा माल विक्रीतून वगळावा.

पालक, मेथी आणि कोथिंबीर यांचे सर्वाधिक नुकसान काढणीनंतर होते. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पान सुकण्याने झपाट्याने घटते. उन्हात मलूल झालेली जुडी पाणी मारल्यावर पुन्हा टवटवीत दिसते, पण गेलेले जीवनसत्त्व त्या पाण्याने परत येत नाही. काढणी सूर्योदयापूर्वी सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी आणि जुड्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात. वाढ खुंटली म्हणून युरियाची जादा मात्रा देऊ नये, कारण जास्तीचे नत्र पानांत नायट्रेटच्या रूपाने साठते.

विदर्भ, मराठवाडा यांसारख्या कोरड्या हवेच्या भागांत नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष अवश्य बांधावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 7.5 सेंटिमीटर जागा सोडून तीत वाळू भरावी, ती सकाळ-सायंकाळ भिजवावी आणि वर गवताचे छप्पर करावे. पाण्याचे बाष्पीभवन होऊन आतील तापमान भर उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा 10 अंश किंवा त्याहूनही अधिक कमी राहते. टोकाला लाली धरलेले टोमॅटो तोडून या कक्षात पिकवल्यास झाडावर उन्हात पिकलेल्या फळापेक्षा रंग चांगला येतो. कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन कमी होत असल्याने हा कक्ष तितकासा उपयोगी पडत नाही. तेथे पहाटेची काढणी आणि त्याच दिवशी विक्री यांवरच भर द्यावा.