ठासणीच्या रायफलच्या नळीला परत तपकिरी फिनिश कसं द्यायचं

आधी नळीत गज घालून, मग तोच नळीला लागून बाहेर धरून खोली मोजा, तळापर्यंत पोचला नसेल तर आत काहीतरी आहे, जुन्या ठासणीच्या बंदुकीत कधीकधी बार तसाच भरलेला असतो, हे मजेत घेऊ नका. आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी बनवलेली अस्सल जुनी रायफल असेल तर हातच लावू नका, जुना थर गेला की किंमत पण गेली.

रिप्रॉडक्शन, म्हणजे जुन्यासारखी बनवलेली नवी नक्कल, असेल तर नळी लाकडापासून सोडवा, व्हिनेगरने जुना रंग काढा, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग अ‍ॅसिटोन. यापुढे ग्लोव्हज पाहिजेतच, बोटाचा तेलकट ठसा पडला की तिथे गंज नीट धरत नाही. नळीला लाकडी बूच मारा.

ब्राउनिंग म्हणजे शेवटी मुद्दाम आणलेला गंजच. हा गंज आणणारं ब्राउनिंग सोल्युशन एकदाच, पातळ, लांब हाताने पुसा, त्याच जागी परत फिरवलंत तर काही सोल्युशन्सचे तांब्यासारखे डाग पडतात. मग गरम पाण्याचं भांडं ठेवलेल्या बंद पेटीत काही तास (कोकणात पावसाळ्यात पेटीचीपण गरज नाही 😄), भुसभुशीत गंज आला की जाड्या कापडाने घासून काढा आणि पुन्हा तेच. पाच-सहा हात सहज लागतात, सुरुवातीला नुसते ठिपके दिसतात, दिसू देत. मनासारखा रंग आला की खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, नाहीतर आतून गंज चालूच राहतो, आणि नळी कोमट असतानाच जवसाचं तेल चोळा.