आईच्या खोलीतलं ऊन: काढता-लावता येणारी फिल्म खिडकीला कशी लावायची

आईची खोली पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ऊन खिडकीतून आत उतरतं, पलंगाच्या पायथ्यापासून सरकत सरकत पाचपर्यंत तिच्या उशीशी पोचतं. खिडकीवर छज्जा आहे, पण मावळतीकडे झुकलेला सूर्य छज्जाच्या खालूनच आत बघतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे उन्हाबरोबर तिला जागा बदलता येत नाही. पडदा ओढला की ऊन थांबतं, पण समोरचं झाडही जातं. दिवसभर पलंगावर असलेल्या माणसाला ते झाड दिसणं किती मोलाचं असतं, हे मी रोज पाहते.

शिवाय पडद्याने गरमी म्हणावी तशी कमी होत नाही. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं आणि पडदा तापतो. तापलेल्या पडद्याची उष्णता काचेतून तशीच परत बाहेर जाऊ शकत नाही, ती खोलीतच पसरते. ऊन काचेवर किंवा काचेबाहेरच अडवलं तर खरा उपयोग. बाहेर ताडपत्री किंवा चिक लावता येत असेल तर ते सगळ्यात उत्तम, आणि पुढे फिल्मची बाजू घेणार असूनही हे मी सांगते. आम्हाला बाहेरून काही लावण्याची सोय नव्हती, म्हणून आम्ही फिल्मकडे, म्हणजे काचेवर आतून लावायच्या ऊन अडवणाऱ्या पातळ प्लॅस्टिककडे वळलो.

काढता येणारी म्हणजे नेमकी कोणती, ते आधी सांगते. बाजारात दोन जाती असतात. एकीच्या पाठीला गोंद असतो. ती वर्षानुवर्षं टिकते, पण काढताना त्रास देते. दुसरी बिनगोंदाची, बहुतेक वेळा मऊ व्हिनाइलची. पाण्याने ओली करून गुळगुळीत काचेवर दाबली की मधली हवा निघून जाते आणि ती काचेला धरून बसते. नखाने कोपरा उचलला की निघते, धुऊन पुन्हा लावता येते. भाड्याच्या घरात किंवा पहिल्यांदाच करून बघणाऱ्याने हीच घ्यावी. या लेखात मी हिच्याबद्दलच बोलते आहे.

आता फिल्म निवडण्याचं. इथेच माझी पहिली चूक झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पहिल्यांदा गडद, आरशासारखी फिल्म आणली. जितकी काळी तितकी थंड, असा माझा समज होता. गरमी कमी झाली, पण सकाळी अकरा वाजता आईच्या खोलीत तिन्हीसांज झाल्यासारखं वाटायचं. तिला वाचायला दिवा लावावा लागे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अगं, बाहेर ढग आलेत का?" त्याच संध्याकाळी मी फिल्म काढली. दुसरी गोष्ट रात्री लक्षात आली होती. आरशासारखी फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने आरसा असते. दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसत नाही, पण रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं आणि आतून आपल्याला आपलंच प्रतिबिंब. आडोशासाठी फिल्म घेत असाल तर रात्री पडदा लागणारच, हे धरून चाला.

पाकिटावरचे आकडे वाचायला मी त्यानंतर शिकले. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेतली जवळजवळ निम्मी अवरक्त किरणांची असते, ती डोळ्यांना दिसत नाही. त्याहून थोडी कमी दिसणाऱ्या उजेडाची, आणि अतिनील किरणांचा वाटा जेमतेम वीसातला एक. म्हणून "99 टक्के अतिनील किरण अडवते" असं ठळक छापलेलं असलं, तरी त्याचा गरमीशी फार संबंध नाही. कापड, लाकूड, पुस्तकांचे पुठ्ठे विटण्याचा वेग त्याने कमी होतो. पूर्ण थांबत नाही, कारण उजेड आणि उष्णता यांनीही रंग उडतो. "अवरक्त किरण 90 टक्के अडवते" हा आकडाही जपून घ्या. तो पुष्कळदा अवरक्ताच्या एका छोट्या पट्ट्यापुरता मोजलेला असतो.

बघायचे आकडे दोनच. टीएसईआर म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी किती टक्के बाहेर राहते. व्हीएलटी म्हणजे दिसणाऱ्या उजेडापैकी किती टक्के आत येतो. पाकिटावर टीएसईआरऐवजी एसएचजीसी, म्हणजे उन्हाच्या ऊर्जेचा आत येणारा हिस्सा, दिलेला असेल तर तो एकातून वजा करा. एसएचजीसी 0.45 असेल तर टीएसईआर 55 टक्के झाला. आईच्या खोलीसाठी शेवटी मी टीएसईआर 50 आणि व्हीएलटी 45 च्या आसपासची फिल्म घेतली. झाड दिसतं, पुस्तक वाचता येतं, आणि ऊन सोसवतं.

त्या 50 टक्क्यांचा अर्थ काय, ते मी कागदावर मांडून पाहिलं होतं. आमच्या खिडकीला दोन काचा, प्रत्येक 58 बाय 112 सेंटिमीटर, म्हणजे मिळून 1.3 चौरस मीटर. निरभ्र दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण सहाशे वॅट ऊन पडतं असं धरलं, तर या खिडकीवर पावणेआठशे वॅट झाले. साध्या काचेतून त्यातले साडेसहाशेच्या वर आत येतात. म्हणजे एक छोटा हीटर रोज दुपारी आईच्या पायाशी चालू! फिल्मने तो चारशेच्या खाली येतो. खोली थंडगार होत नाही. तापलेल्या भिंती, वरचं छत, बाहेरची गरम हवा यांचं फिल्म काहीच करत नाही. पण अंगावर पडणाऱ्या उन्हाचा चटका जातो, आणि पलंगावरच्या माणसाला नेमका तोच छळत असतो.

घेण्याआधी नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मिळाला तर जरूर मागा. भर उन्हात तो काचेवर लावून एक हात त्याच्यामागे आणि दुसरा उघड्या काचेमागे धरा. ज्या माणसासाठी फिल्म लावताय त्यालाही धरायला सांगा. तो तुकडा दोन दिवस तसाच ठेवा, म्हणजे पकड टिकते का तेही कळेल.

आधी काच तपासा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी कृपा करून वगळू नका. फिल्म लावलेली काच साध्या काचेपेक्षा जास्त तापते, कारण थोडी ऊर्जा फिल्म स्वतः शोषून घेते. काचेचा मधला भाग तापला आणि चौकटीतली कड थंड राहिली की ताण येतो, आणि कडेला आधीच टवका किंवा बारीक चीर असेल तर तिथून काच तडकू शकते. टफन्ड काच (तापवून मजबूत केलेली) हा ताण पुष्कळ सोसते, साधी काच कमी. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा एक बारीक शिक्का असतो, तो शोधा.

दुहेरी काच (मधे पोकळी ठेवून बसवलेल्या दोन काचा), लॅमिनेटेड काच (मधे प्लॅस्टिकचा थर घालून चिकटवलेल्या काचा), आत तारेची जाळी असलेली काच, मुळातच रंगीत काच यांपैकी काही असेल तर गडद फिल्म आपल्या मनाने लावू नका. फिल्मच्या माहितीपत्रकात त्या काचेचं नाव चालणाऱ्या काचांमध्ये आहे का ते बघा. काचेची हमी चालू असेल तर तिच्या अटीही वाचा. दुहेरी काच ओळखायची सोपी युक्ती अशी: अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरा. एकेरी काचेत दिव्याची दोन प्रतिबिंबं अगदी लगत दिसतात, दुहेरीत चार. जी काच अर्धी गडद सावलीत आणि अर्धी कडक उन्हात राहते, तिच्यासाठी फिकट फिल्मच बरी.

दुधाळ किंवा नक्षीच्या काचेचा खरखरीत भाग ही फिल्म धरत नाही. तिच्या गुळगुळीत बाजूला धरते, ती बाजू आत असेल तर काम होतं.

लावण्याचा दिवस

वेळ अशी निवडा की काचेवर ऊन नसेल. पश्चिमेची खिडकी सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या काचेवर पाणी मिनिटभरात वाळतं आणि फिल्म सरकवायच्या आतच चिकटून बसते. माझी पहिली काच याच कारणाने सुरकुतली होती, दुपारी चार वाजता घाईने लावली म्हणून.

हाताशी काय लागेल तेही सांगते: स्प्रेची बाटली, भांडी घासायचं लिक्विड, मोजायची टेप, सरळ पट्टी, कटर आणि त्याचं नवं कोरं पातं, रबरी पट्टीचा छोटा वायपर, तंतू न सोडणारं कापड, चिकटपट्टी, आणि खाली अंथरायला जुनी चादर. वायपर नसेल तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाला मऊ कापड गुंडाळा. एक माणूस सोबतीला असू द्या. मोठी काच एकट्याने लावता येते, पण जीव मेटाकुटीला येतो.

पंखा बंद करा. खरंच करा. फिल्मखाली जे फुगे राहतात त्यांतले बरेचसे हवेचे नसतात, धुळीच्या कणाभोवती उचललेली फिल्म असते. अर्धा लीटर पाण्यात लिक्विडचे चार-पाच थेंब घाला, जास्त नको, नाहीतर साबणाचा पांढुरका थर मागे राहतो. या पाण्याने काच दोनदा धुवा. रंगाचे ठिपके, जुन्या गोंदाचे डाग भिजवून हळूच खरवडा. टफन्ड काचेवर पातं चालवू नका, ओरखडे उठू शकतात. तिथे भिजवून प्लॅस्टिकच्या कडेने काढा. चौकटीच्या कोपऱ्यात आणि रबराच्या कडेला हटकून माती असते, ओलं कापड बोटावर घेऊन ती पुसा.

प्रत्येक काच वेगळी मोजा. सारख्या दिसणाऱ्या दोन काचांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघतो. फिल्म चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर जादा कापा. रोल काचेपेक्षा अरुंद असेल तर दोन पट्टे उभे लावा, जोड कडेला कड भिडवून द्या.

फिल्मच्या पाठीला पातळ पारदर्शक लायनर असतो. तो सुटता सुटत नाही आणि माणूस वैतागतो. एका कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावा आणि ते एकमेकांपासून ओढा, लगेच सुटेल. हा लायनर फेकू नका. त्याची गरज पुढे आहे.

आता पाणी. काच वरपासून खालपर्यंत भिजवा, ओघळ येईपर्यंत. एकाने लायनर ओढत जायचा, दुसऱ्याने उघडी पडलेली बाजूही भिजवत जायची. पाण्यात काटकसर केली की हमखास बिघडतं. फिल्म वरच्या दोन कोपऱ्यांत धरून काचेवर टेकवा, खाली सोडा, तळव्यांनी सरकवून बसवा. मग फिल्मच्या पुढच्या बाजूवरही पाणी मारा, म्हणजे वायपर अडकणार नाही. पहिला हात वरच्या भागात आडवा, मग मधून कडेकडे, वरून खाली. जोर हळूहळू वाढवा. सुरकुती पडली तर दाबून घालवायचा प्रयत्न नको. तेवढा भाग उचला, पाणी मारा, पुन्हा बसवा. फिल्म बिनगोंदाची आहे, दहा वेळा उचलली तरी रागावत नाही.

कडा कापताना चौकटीला कार्ड टेकवून त्याच्या कडेने कटर चालवा. काच आणि रबर यांच्या सांध्यापासून दोन मिलिमीटर फट सोडायची. फिल्म रबरावर चढली की तिथूनच सुटायला लागते, आणि आतलं पाणी बाहेर पडायलाही ती फट लागते. हात हलका ठेवा, एका दमात ओढा. नंतर वायपरला कापड गुंडाळून पुन्हा एकदा सगळीकडून पाणी काढा आणि कडा कोरड्या करा.

पहिले काही दिवस काच थोडी धुरकट दिसेल, मधे पाण्याचे छोटे ठिपके राहतील. ते आपोआप वाळतात. टाचणीने टोचू नका. पुढे पुसताना साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. अमोनियाचे काच-क्लीनर, स्पिरिट, घासणी यांपासून फिल्म दूर ठेवा.

एक सवय मात्र बदलावी लागली. खिडकी उघडी असेल तर फिल्म काचेसोबत बाजूला सरकते आणि ऊन सरळ आत येतं. आता उन्हाच्या वेळी आम्ही खिडकी मिटून पंखा लावतो, आणि ऊन उतरलं की सगळी उघडतो. कुंडीतलं रोपही मी शेजारच्या खिडकीत हलवलं, कारण कमी झालेल्या उजेडात ते लांबट व्हायला लागलं होतं.

थंडीत हीच फिल्म नकोशी होते, कारण ती नको ते ऊन आणि हवं ते ऊन असा फरक करत नाही. तेव्हा कोपरा नखाने उचलून, काचेला समांतर धरून सावकाश ओढायची. कडक वाटली तर कोमट पाण्याने भिजवा. दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, जपून ठेवलेल्या लायनरवर बसवायची आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायची. घडी घातली तर ती रेघ जात नाही. नळीवर मी लिहून ठेवते: "आई, डावी काच, वरची कड इकडे." गेल्या थंडीत फिल्म उतरवली त्या दुपारी ऊन पुन्हा पलंगाच्या पायथ्याशी आलं, आणि आईने पांघरूण बाजूला करून गुडघे त्यात धरले.