व्हायोलिनची केस उघडण्याआधी: रियाजापूर्वी अंग कसं गरम करावं

जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी सात वाजता रियाजाला बसणं काय असतं, हे पुण्या-मुंबईच्या व्हायोलिनवाल्यांना सांगून कळायचं नाही. पारा चार-पाच अंशांवर, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुक्यात गडप, आणि लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराची दगडी फरशी अशी की थंडी दोन सतरंज्यांमधून वर येते. शिकायला येणारी मुलं हात खिशात घालूनच जिना चढतात. वर आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला.

"ताई, केस उघडू?"

"थांब. आधी जिना."

गवयांचं बरं असतं. इथे ग्वाल्हेरातच, हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी जुनी समजूत, त्यामुळे आल्यागेल्या गवयाने त्याची चार पानं ओरबाडलीच. बोटांसाठी असं झाड अजून कोणी लावलेलं नाही. आपल्याला दहा-बारा मिनिटं स्वतःच खपावं लागतं.

ही दहा मिनिटं मीही बरीच वर्षं खाल्ली. संगीत विशारदच्या परीक्षेआधीच्या डिसेंबरात पहाटे उठून थंड हातांनी थेट द्रुत, म्हणजे वेगवान, तानांवर जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी डाव्या मनगटाच्या वर चार बोटांवर कळ यायला लागली. तरी वाजवत राहिले. मग एक सकाळ अशी आली की दाराची कडी फिरवता येईना. पाच आठवडे व्हायोलिन बंद, आणि परीक्षा पुढच्या सत्राला.

आधी एक गोष्ट स्वतःच्या हातावर बघा

उजव्या हाताने डावा कोपर आणि मनगट यांच्यामधला मांसल भाग हलकेच धरा. आता डाव्या हाताची बोटं तारेवर पडल्यासारखी एकेक करून हलवा. तळहाताखाली काहीतरी सळसळतं ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते इथे असतात. तिथून दोऱ्यांसारखे स्नायुबंध निघतात, मनगटातल्या अरुंद वाटेने जातात आणि बोटांना ओढतात. थंडीत शरीर रक्त आतल्या अवयवांकडे राखतं, बोटांकडे कमी सोडतं. मग स्नायू आखडतात, सांध्यांतलं वंगण घट्ट होतं, बोट जागेवर पडायला उशीर लागतो. उशीर लागला की आपण जोर लावतो. दुखणं सुरू होतं ते या जोरातून. व्हायोलिनचं वजन अर्ध्या किलोच्या आत आणि गज, म्हणजे तारांवर फिरवायचा बो, जेमतेम साठ ग्रॅमचा. त्यांच्या ओझ्याने कोणी आजारी पडत नाही.

म्हणून क्रम असा: आधी हालचाल करून अंग गरम करायचं, मग वाजवायचं, आणि ताण द्यायचे ते शेवटी. बरेच जण उलट करतात. आल्या आल्या बोटं मागे ओढतात, कडाकडा मोडतात, आणि झाला वॉर्मअप म्हणतात. थंड स्नायू ताणून धरला तर तो गरम होत नाही, दुखावण्याची शक्यता मात्र वाढते. शिवाय बराच वेळ ताणून धरलेल्या स्नायूची ताकद लगेचच्या कामासाठी थोडी उतरते. तानेसाठी बसताना ते कशाला हवंय?

पहिली तीन-चार मिनिटं: व्हायोलिन सोडून सगळं

जिना दोनदा चढा-उतरा. जिना नसेल तर गच्चीवर भराभर फेऱ्या मारा, जागच्या जागी पावलं उचला. श्वास किंचित वाढला आणि मफलर काढावासा वाटला की पुरे. घाम काढायचा नाही.

हात बर्फ झाले असतील तर कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. कोमट म्हणजे कोमटच, आंघोळीच्या पाण्यासारखं कढत नको. नंतर टॉवेलने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा, ओलसर बोटांनी तारा गंजतात. आपल्याकडे थंडीत मोहरीच्या तेलाने हात चोळायची पद्धत आहे, ती रात्री झोपताना ठेवा. मिंडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यासाठी, डाव्या बोटांना खोबरेलाचा पुसट हात लावणारे वादक आहेत, ते ठीक. पण उजव्या हाताचं तेल गजाच्या केसांना लागलं की तार पकडण्यासाठी लावलेली राळ बसत नाही आणि गज नुसता घसरतो.

खोलीत हीटर लावणार असाल तर व्हायोलिन त्याच्यापासून लांब. लाकडाचे सांधे सरसाने जोडलेले असतात, एका बाजूने शेक बसला की सुटतात. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही. ते व्हायोलिनसाठी नाही, तुमच्या जिवासाठी सांगते आहे.

खांदे आणि मान

उभं राहून श्वास घेत दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, क्षणभर धरा, आणि सोडून द्या. हळूच खाली आणायचे नाहीत, पोतं टाकल्यासारखे टाकायचे. पाच वेळा. मग खांद्यांचे गोल, मागच्या दिशेने, दहा. मग दोन्ही हात सैल सोडून कमरेतून डावी-उजवीकडे वळा, हात अंगाभोवती आपोआप गुंडाळू द्या.

मान फक्त चार दिशांना: खाली, सरळ, डावा कान डाव्या खांद्याकडे, उजवा उजवीकडे. प्रत्येक वेळी मध्यावर परत. मान गरगर गोल फिरवू नका, विशेषतः मागे टाकून. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर नाहीच.

बैठक: इथे आपलं गणित वेगळं

व्हायोलिनवाल्यांसाठीचे बरेचसे व्यायाम उभ्याने किंवा खुर्चीत बसून, हनुवटीखाली वाद्य धरून वाजवणाऱ्यांसाठी सांगितलेले असतात. आपण मांडी घालून बसतो, उजवा पाय थोडा पुढे घेतो, वाद्याचं डोकं त्या घोट्याजवळ टेकवतो आणि दुसरं टोक छाती-खांद्याशी. याचा फायदा मोठा आहे. वाद्य दोन्हीकडून टेकलेलं असल्यामुळे डावा हात त्याला धरून ठेवण्यातून मोकळा होतो आणि लांब मींड, घसीट घेऊ शकतो. पण किंमत मोजतात ती कंबर, खुबे आणि उजवा घोटा. खुबे आखडलेले असले की मांडी घातल्यावर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, त्या पोकावर मान पुढे निघते, आणि दुखतं मात्र खांद्यात. लोक खांद्याला बाम चोळत बसतात.

एक निवृत्त बँकवाले काका माझ्याकडे साठीनंतर शिकायला आले. त्यांची तक्रार कायम एकच, उजवा खांदा. मी त्यांना खांद्याचं काहीच दिलं नाही. घरातली जुनी रजई चौपदरी करून बैठकीच्या मागच्या भागाखाली सरकवली, इतकी की खुबे गुडघ्यांपेक्षा दोन-तीन इंच वर आले. पाठ आपोआप उभी राहिली. "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले. रजई आता त्यांच्या नावाने वेगळी ठेवली आहे.

तर रियाजाआधी, जमिनीवर:

गुडघे आणि तळहात टेकून मांजरासारखी पाठ वर कमानीत न्या, मग खाली झोळ करा. श्वासाच्या लयीत आठ वेळा.

बसून तळपाय एकमेकांना जोडा आणि गुडघे फुलपाखरासारखे हलकेच वर-खाली करा, अर्धा मिनिट. गुडघे हाताने दाबायचे नाहीत.

उजवा घोटा दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवा. तासभर वाद्य झेलणार आहे तो.

हात, मनगट, बोटं

कोपर अंगाशी ठेवून तळहात वर, तळहात खाली, कुलपात किल्ली फिरवल्यासारखं. पंधरा वेळा, सावकाश. डावा हात व्हायोलिनवर सतत तळहात स्वतःकडे वळवून राहतो, हे वळण मनगटातून नव्हे तर कोपराखालून येतं. ते मोकळं नसेल तर करंगळी तारेपर्यंत पोचायला धडपडते.

मग मूठ सैल मिटा, बोटं पसरा. पूर्ण ताकदीने नको. अंगठ्याचं टोक तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी असं लावत जा आणि उलटं या. तीनतालाचा ठेका तोंडाने म्हणत केलंत तर लयीचाही रियाज होतो. मुलं पहिल्या आवर्तनातच पळायला लागतात, त्यांना विलंबितात, म्हणजे संथ लयीत, बांधून ठेवावं लागतं.

उजव्या हातासाठी पेन्सिल घ्या. गज धरतो तशी धरा: अंगठा वाकलेला, करंगळी वर टेकलेली. आता नुसती बोटं वाकवून-सरळ करून पेन्सिल वर-खाली न्या, मनगट स्थिर. दहा वेळा. अंगठ्याचं नख पांढरं पडलं तर पकड घट्ट आहे. पकड पेन्सिलवरच सुटली तर गजावरही सुटते. एका मुलीने घरी पेन्सिल सापडेना म्हणून लाटण्यावर सराव केला होता, दुसऱ्या दिवशी अंगठा धरून आली. पेन्सिलच घ्या.

आता उघडा केस

वॉर्मअप इथे संपत नाही, वाद्यावर चालू राहतो. पहिली दोन-तीन मिनिटं फक्त मोकळ्या तारा. डावा हात मांडीवर ठेवा, हो, खरंच ठेवा. तानपुरा लावून मंद्र, म्हणजे खालच्या सुरांच्या, तारेवर पूर्ण गज, एका श्वासाला एक गज. खांदा वर चढतोय का एवढंच बघायचं.

मग डावी बोटं, आवाज न काढता, तारेवर टेकवा आणि उचला. तार फळीला लागेपर्यंत दाबू नका. आधी किती कमी दाबात काम होतं ते शोधा. मग साधी सरगम विलंबितात, मधल्या सप्तकात. पाचेक मिनिटांनी लहान मींड, मग लांब. गमक (स्वर जोरात आंदोलित करणं) आणि द्रुत ताना सगळ्यात शेवटी. भैरव रागाचा संथ आलाप वाजवूनच दिवस सुरू करणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, त्यांचा वॉर्मअप आलापातच होतो.

दर पंचवीस-तीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवून उठा. दोन-चार मिनिटं चाला, घोटभर पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. मोबाईल उचलू नका, त्यासाठी मान पुन्हा तिथेच वाकते.

रियाज झाल्यावर: ताण द्यायची वेळ

आता स्नायू गरम आहेत. प्रत्येक ताण वीसेक सेकंद, झटके न देता, दोन्ही बाजूंना दोनदा. ओढ जाणवावी, कळ येऊ नये.

हात समोर सरळ, तळहात समोरच्या भिंतीकडे, बोटं वर. दुसऱ्या हाताने तळहात हलकेच स्वतःकडे घ्या. बोटांची टोकं धरून नव्हे, तळहात धरून. मग मनगट खाली सोडून हाताची पाठ स्वतःकडे घ्या.

दाराच्या चौकटीला कोपर आणि पंजा टेकवून छाती पुढे काढा. तासभर दोन्ही हात पुढे घेऊन बसल्यावर याच्याइतकं सुख कशात नाही. माझ्या वर्गात दारापाशी रांग लागते.

मांडीवरचा हात जड सोडून डोकं विरुद्ध खांद्याकडे कलवा. शेवटी वज्रासनातून पुढे वाकून कपाळ जमिनीला, हात पुढे पसरलेले. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी हे खुर्चीत बसून, टेबलावर डोकं टेकवून करावं.

कधी थांबायचं

स्नायू जड वाटणं, थकणं ठीक, ते रात्रभरात जातं. पण एका जागी टोचणारी कळ, सूज, किंवा मुंग्या जाणवल्या की त्या दिवसाचा रियाज तिथेच थांबवा. मुंग्या कुठे येतात ते लक्षात ठेवा. करंगळी आणि अनामिकेत आल्या तर बहुधा कोपरापाशी नस दबते आहे. डावा कोपर तासन्तास वाकलेला राहिल्याने हे होतं. अंगठा, तर्जनी, मधल्या बोटात आल्या, विशेषतः रात्री, तर शंका मनगटावर. चार-सहा दिवस विश्रांती घेऊनही फरक पडला नाही किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना गज घेऊन जा आणि तिथे बसून कसं वाजवता ते करून दाखवा. "व्हायोलिन वाजवते" एवढं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे हनुवटीखालचं व्हायोलिन येतं, आणि मांडीवरच्या बैठकीला लागू नसलेला सल्ला मिळतो.

घरी सगळे ताण झाल्यावर तारांवरची राळ सुती फडक्याने पुसा, गजाचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा आणि केस बंद करा. स्क्रू मुलं हमखास विसरतात. खाली जिन्यात पोचलेल्याला मी त्यासाठी परत वर बोलावते.