पायी चालताना वाहनाची धडक बसल्यास भरपाईचा दावा कसा करावा

रस्त्याने पायी जाताना वाहनाची धडक बसून जखमी झालेल्या व्यक्तीला मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. हा दावा कागदपत्रांवर उभा राहतो आणि त्यांतली महत्त्वाची कागदपत्रे पहिल्या काही दिवसांतच, घरचे रुग्णालयात धावपळ करत असताना, तयार होतात. म्हणून एका नातेवाइकाने सुरुवातीपासून फक्त हेच काम अंगावर घ्यावे.

पहिले लक्ष केस पेपरवर असावे. पोलिसांचे लचांड मागे लागू नये म्हणून दाखल करताना ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणारे नातेवाईक कमी नाहीत. डॉक्टर ते तसेच लिहून घेतात आणि विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमका तोच कागद पुढे करतो. वाहनाची धडक, ठिकाण आणि वेळ यांची नोंद झाली का, हे वाचून पाहावे आणि ‘मेडिको-लीगल केस’ (पोलिसांना कळवायचे प्रकरण) म्हणून नोंद करण्यास सांगावे. २०२५च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार नियुक्त रुग्णालयात रोख रक्कम न भरता मिळू शकतात. त्याचीही तिथेच चौकशी करावी.

त्यानंतर विलंब न लावता फिर्याद नोंदवावी. वाहनाचा क्रमांक, साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर द्यावेत. आसपासच्या सीसीटीव्हीतील जुने चित्रण आपोआप पुसले जाते, त्यामुळे ते ताब्यात घेण्याची विनंती तपास अधिकाऱ्याला लेखी करावी. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मिळताच त्यातील घटनास्थळाचा नकाशा बारकाईने पाहावा. ‘पादचारी अचानक आडवा आला’ हा विमा कंपनीचा नेहमीचा बचाव असतो आणि धडक रस्त्याच्या कडेला बसली की मधोमध, हे त्या नकाशावरूनच ठरते. पादचाऱ्याची काही चूक सिद्ध झाली तरी त्या प्रमाणात भरपाई कमी होते, दावा बुडत नाही.

भरपाईचा हिशोब करताना लोक रुग्णालयाच्या बिलावरच थांबतात, हे योग्य नाही. बुडालेला पगार, ये-जा, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च, पुढची शस्त्रक्रिया आणि सोसलेल्या वेदना यांचीही भरपाई मागता येते. औषधांच्या पावत्यांवरची शाई कालांतराने उडते, म्हणून त्यांच्या झेरॉक्स लगेच काढून ठेवाव्यात. कायमचे अपंगत्व आले असल्यास त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. मात्र त्यावरील टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. गुडघा न वाकणारा गवंडी परांचीवर चढू शकत नाही, तर टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाची नोकरी टिकते. म्हणून आपल्या कामात नेमके काय करता येत नाही, हे अर्जात सविस्तर लिहावे.

कलम १६६ खालील अर्ज चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध करावा. अपघात जिथे झाला तिथे, किंवा अर्जदार अथवा गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जिथे राहतो तिथेही तो दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती अजिबात चुकवू नये. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

दरम्यान ‘आपसांत मिटवू’ म्हणून पुढे केलेल्या स्टॅम्प पेपरवर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. गंभीर दुखापतीसाठी, चूक कोणाची हे सिद्ध न करता, कलम १६४ नुसार अडीच लाख रुपये मिळतात; पण विमा कंपनीने देऊ केलेली ती रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील मोठा दावा संपुष्टात येतो.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर वेगळी योजना आहे. गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर अपघातस्थळाच्या तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करावा लागतो.