अर्ज पेंडिंग असताना गावी येताय? या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या घरांतून परदेशात फोन सुरू होतात. श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळी पुन्हा तेच. लग्नसराईत तर मुहूर्त आधी ठरतो आणि तिकडच्या लेकाला मागून कळवलं जातं: तिकीट काढ आणि ये. ज्याचा तिकडच्या कायम वास्तव्याचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही, त्याला इकडे यायला काहीच अडचण नसते. अडचण परत जाताना येते. अर्जाची पावती आहे म्हणजे पुन्हा आत घेतीलच, हा समज फार महागात पडतो. बहुतेक देशांत परतीच्या परवानगीचा कागद वेगळा असतो आणि तो निघण्याआधीच मिळवावा लागतो.

अमेरिका: आधी आपला टप्पा ओळखा

"ग्रीन कार्ड चालू आहे" असं घरी सांगितलं जातं, पण त्यात तीन वेगळे टप्पे असू शकतात. कंपनीने पर्म म्हणजे लेबर सर्टिफिकेशन (तिथल्या कामगार खात्याची मंजुरी) भरलंय, आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झालाय, की तुम्ही स्वतः आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरलाय? पहिल्या दोन टप्प्यांत देशाबाहेर गेल्याने ग्रीन कार्डच्या फाइलला धक्का लागत नाही. भारतीयांची रांग लांब असल्याने आपली कित्येक मुलं वर्षानुवर्षं याच टप्प्यात आहेत आणि उगाच घाबरून घरी येणं टाळतात. त्यांनी फक्त परतीसाठी आपला नोकरीचा व्हिसा वैध आहे ना, हे पाहावं.

आय-४८५ भरला की मात्र नियम बदलतो. ॲडव्हान्स पॅरोल म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं मानतात. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ अर्जदाराचं शुल्क १,४४० डॉलर झालं. ते परत मिळत नाही. ॲडव्हान्स पॅरोलसाठी आय-१३१ हा फॉर्म लागतो. पूर्वी तो त्याच शुल्कात भरता येत असे, आता त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणून पैसे वाचवायला काही जण तो भरतच नाहीत. कृपा करून असं करू नका. घरी म्हातारे आईवडील असतील तर आज ना उद्या अचानक निघावं लागतंच.

फॉर्म भरून मंजुरीची वाट न पाहता निघणं ही दुसरी चूक. पावती म्हणजे परवानगी नव्हे; मंजूर कागद हातात हवा.

सगळ्यांत जास्त घोटाळा मित्राच्या सल्ल्याने होतो. "मी दोनदा जाऊन आलो, काही झालं नाही" असं सांगणारा मित्र एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतो. एच-१बी, एच-४ (एच-१बीवाल्यांचं कुटुंब), एल-१ (कंपनीतर्फे बदलीवर आलेले) आणि एल-२ (त्यांचं कुटुंब) वाल्यांना सवलत आहे: तो दर्जा टिकून असेल आणि त्याच वैध व्हिसावर परत आलं, तर ॲडव्हान्स पॅरोलशिवायही आय-४८५ जिवंत राहतो. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला ही सवलत नाही. तिकडेच अमेरिकी नागरिकाशी लग्न करून अर्ज भरलेली धुळ्याची मुलगी मैत्रिणीच्या भरवशावर भावाच्या हळदीला आली, तर तिचा अर्ज गेला.

एच-१बी वाल्यांनी पासपोर्टमधल्या व्हिसा स्टॅम्पची तारीख पाहावी. तो संपला असेल तर मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत नवा घ्यावा लागतो. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून सूट मिळणं बहुतेकांसाठी बंद झालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या माणसाची नोकरी अशा वेळी टांगणीला लागते. ॲडव्हान्स पॅरोल असेल तर स्टॅम्पशिवाय परतता येतं, पण तेव्हा प्रवेश एच-१बीवर नसून पॅरोलवर होतो. पुढे आय-४८५ नाकारला गेला तर त्याने फरक पडतो, म्हणून हे वकिलाशी बोलूनच ठरवा.

व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्यांनी तर वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसूच नये. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला असेल तर देश सोडल्यावर ३ वर्षांची, आणि १ वर्ष किंवा जास्त असेल तर १० वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते.

आईवडिलांचा अर्ज

मला सर्वांत जास्त काळजी यांची वाटते. मुलगा अमेरिकी नागरिक झालेला असतो. आईवडील व्हिजिटर व्हिसावर त्याच्याकडे गेलेले असतात आणि तिथेच त्यांचं ग्रीन कार्ड भरायचं ठरतं. कागद जातात. मग मे महिना येतो आणि वडिलांचा जीव यावल-रावेरच्या शेताकडे ओढ घेऊ लागतो. कापसाची लागवड तोंडावर, केळीला पाणी कोण देणार? ते ऐकत नाहीत, निघून येतात आणि आय-४८५ रद्द होतो. त्यांना महिनोन् महिने तिथे थांबायला जमेल का, हे अर्ज भरण्याआधी त्यांच्याशी मोकळेपणी बोला. जमणार नसेल तर मुलाने आय-१३० हा नातेवाइकांसाठीचा अर्ज भरावा आणि आईवडिलांनी भारतात राहून मुंबईच्या वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा घ्यावा. वेळ लागतो, पण तोवर शेत आणि घर सुटत नाही.

इतर देश

ब्रिटनमध्ये राहून मुदतवाढीचा किंवा कायम वास्तव्याचा अर्ज केला असेल, तर निर्णयाआधी ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं यांच्या बाहेर गेलात की अर्ज मागे घेतला असं मानतात. तिथे ॲडव्हान्स पॅरोलसारखी सोय नाही.

ऑस्ट्रेलियात ब्रिजिंग व्हिसा ए (अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता व्हिसा) वर असाल तर तो परत आत येऊ देत नाही. निघण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो. भारतात पोचल्यावर तो मिळत नाही.

जर्मनीत फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणजे अर्ज पेंडिंग असतानाच्या तात्पुरत्या कागदावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते पाहा. कलम ८१ चा परिच्छेद ४ असेल तर जुनं परमिट आणि पासपोर्टसह परतता येतं. परिच्छेद ३ असेल तर नाही. शक्यतो थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या.

कॅनडात पीआरच्या (कायम वास्तव्याच्या) बहुतेक अर्जांमध्ये प्रवासाला बंदी नाही, पण परतीसाठी वैध व्हिजिटर व्हिसा हवा. वर्क परमिट संपून वाढीव परमिटची वाट पाहताना काम करत असाल तर सावध राहा: बाहेर जाऊन आलात की निर्णय येईपर्यंत काम करता येत नाही.

तिकीट काढण्याआधी

बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो देण्याची) तारीख आपण गावी असताना आली आणि कळवलंच नाही, तर तेवढ्यावर अर्ज नाकारला जाऊ शकतो. तिकडच्या पत्त्यावर टपाल उघडून फोटो पाठवणारं विश्वासाचं माणूस ठेवा. मधल्या विमानतळाचे ट्रान्झिट नियमही वाचा. ॲडव्हान्स पॅरोल हा व्हिसा नाही, त्यामुळे अमेरिकी व्हिसाधारकाची सवलत त्यावर मिळेलच असं धरू नका.

आधीच येऊन बसला असाल तर

घाईने टुरिस्ट व्हिसा काढून परत शिरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अमेरिकेच्या बाबतीत आय-४८५ गेला तरी त्यामागची आय-१३० किंवा आय-१४० ची मंजुरी आपोआप जात नाही. त्यावर मुंबईतून इमिग्रंट व्हिसाचा मार्ग खुला राहू शकतो. ब्रिटनसाठी भारतातून नव्याने व्हिसा मागावा लागतो.

घरी कोणी अत्यवस्थ असेल आणि तुम्ही अजून अमेरिकेतच असाल, तर यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करून जवळच्या कार्यालयात तातडीच्या ॲडव्हान्स पॅरोलची वेळ मागा. तिथे पुरावा लागतो, आणि तो जळगावच्या माणसांनीच मिळवून द्यायचा असतो. डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या: रुग्णाचं पासपोर्ट किंवा आधारप्रमाणे पूर्ण नाव, आजार, दाखल केल्याची तारीख, प्रकृती किती गंभीर आहे, सही आणि शिक्का. सोबत नातं दाखवणारा जन्मदाखला. आईचं नाव दोन कागदांवर वेगळं असेल तर ते का, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. मराठी कागद असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. हे स्कॅन करून त्याच दिवशी पाठवा. तिकडे भेटीची वेळ मिळाली की मुलाला लगेच निघता आलं पाहिजे.